उद्घाटनानंतरचा कारभार

आमच्या भागात संगणक मिळवणे अवघड नाही. मारुंजीच्या शिवेला हिंजवडीचे आयटी पार्क लागून आहे आणि तिथल्या कंपन्या दर काही वर्षांनी आपली यंत्रे बदलतात. जुनी यंत्रे कुठे तरी जायला हवीत. ती शाळांत, वसतिगृहांत आणि आमच्यासारख्या सेवाभावी संस्थांत येतात. येताना फीत, नारळ, फलक आणि फोटोग्राफर बरोबर असतो. अवघड असतो तो चौदावा महिना. तोवर यूपीएसची बॅटरी फुगलेली असते, दोन मशीनची रॅम काढून तिसऱ्यात घातलेली असते, आणि ज्याला सर्व्हरचा पासवर्ड माहीत होता तो मुलगा चांगली नोकरी लागून फेज थ्रीला गेलेला असतो. फलकावरचे देणगीदाराचे नाव मात्र स्वच्छ वाचता येते.

मी अशाच एका संस्थेचा संगणक विभाग पाहतो. विभाग म्हणजे अडीच माणसे: दोन पूर्णवेळ, आणि एक जण अर्धा दिवस हिशेबाला बसणारा. तरीही विश्वस्तांच्या बैठकीत वर्षातून एकदा तरी प्रश्न निघतोच, की या विभागाला ‘लीडर’ हवा की ‘मॅनेजर’. विश्वस्तांपैकी काही जण आयटीतून निवृत्त झालेले, त्यामुळे शब्द तिथलेच. लीडर म्हणजे नवे ॲप, नवा डॅशबोर्ड, नवी दिशा सांगणारा. मॅनेजर म्हणजे बॅकअप घेणारा, लायसनची तारीख लक्षात ठेवणारा, ‘प्रिंटर चालत नाही’ म्हणून आलेला फोन उचलणारा. प्रश्न असा मांडला की उत्तर ठरलेलेच असते. स्वतःला मॅनेजर म्हणवून घ्यायला कोणाला आवडते?

ही वाटणी फार जुनी नाही. अब्राहम झालेझनिक यांनी १९७७ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला आणि व्यवस्थापक व नेते ही माणसेच मुळात वेगळ्या घडणीची असतात असा मुद्दा मांडला. पुढे १९९० मध्ये जॉन कॉटर यांनी तो जरा नरम केला: ही दोन जातींची माणसे नव्हेत, ही दोन कामे आहेत, एक बदल घडवण्याचे आणि दुसरे गुंतागुंत आवरण्याचे. संस्थेला दोन्ही लागतात. तेव्हापासून व्यवस्थापनाच्या प्रत्येक प्रशिक्षणात या दोन शब्दांची दोन रकान्यांची तक्ती दाखवली जाते, आणि दरवेळी डावा रकाना उजव्यापेक्षा देखणा असतो.

पुण्याच्या माणसाला यासाठी हार्वर्डपर्यंत जायची गरज नव्हती. ‘फडणीस’ हा शब्द फारसीतल्या ‘फर्द-नवीस’वरून आला, फर्द म्हणजे हिशेबाचा कागद आणि तो लिहिणारा तो फडणीस. मराठी इतिहासात हे पद इतके मोठे झाले की एका फडणिसाने पाव शतक दौलत सांभाळली. महादजी शिंदे १७९२ मध्ये उत्तरेतून पुण्यात आले तेव्हा त्यांच्यात आणि नानांत जे वाजले, त्यातला मोठा भाग हिशेबाचा होता: हिंदुस्थानातल्या मोहिमांचा खर्च कोणी सोसायचा, आणि वसुलीचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा. आपण त्या दोघांच्या स्वभावांवर खूप बोलतो, शूर आणि धूर्त वगैरे. पण दिल्लीपर्यंत फौज नेणाऱ्याला पैसा कमी पडत होता आणि पैसा पाहणाऱ्याला दिल्ली दिसत नव्हती, हे दुखणे स्वभावाचे नव्हते. १७९४ मध्ये महादजी वानवडीला वारले. तोवर दोघांतला समेट कसाबसा जुळत आला होता.

विनानफ्याच्या संस्थेत हे दुखणे आणखी बळावते, आणि त्याला एक साधे कारण आहे. धंद्यात या दोन कामांना बांधून ठेवणारी एक दोरी असते: गिऱ्हाईकाचे बिल. मालकाने कितीही भव्य कल्पना काढली तरी वस्तू चालली नाही तर गिऱ्हाईक पैसे देत नाही, आणि वस्तू चालती ठेवणाऱ्याचा पगार त्याच बिलातून निघतो. सेवाभावी संस्थेत पैसे देतो एक आणि वस्तू वापरतो दुसरा. पैसे देणाऱ्याला उद्घाटन दिसते, वापरणाऱ्याला चौदावा महिना. ज्याच्या हाती पैसा त्याच्याच नजरेने काम ठरते, म्हणून पैसा नव्याकडे वाहतो. २०१४ पासून कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन आले आणि आमच्या पट्ट्यात हा ओघ चांगलाच वाढला. पण तो प्रकल्पांना येतो. प्रकल्प संपल्यावर उरणाऱ्या यंत्रांना येत नाही. परदेशी देणग्यांचे तर उलटेच झाले. २०२० च्या दुरुस्तीने अशा देणगीतून प्रशासकीय खर्च किती करावा याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. या मर्यादेमागची शंका मला समजते. गाड्या आणि सतरंज्यांवर पैसे उडवणाऱ्या संस्था मीही पाहिल्या आहेत. पण परिणाम असा, की कारभार हा कायद्याच्या लेखी आवरायचा खर्च ठरला.

म्हणून मला लीडर-मॅनेजरच्या तक्त्यापेक्षा आमच्याच जिल्ह्यातला इतिहास जास्त उपयोगी वाटतो. नफा हा हेतू नसताना तंत्रज्ञानाचे मोठे काम उभे करायचे आणि ते चालते ठेवायचे, याचे तीन प्रयोग मारुंजीहून दोन-अडीच तासांच्या आत झाले आहेत. एक गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात. उरलेल्या दोहोंसाठी चाकण ओलांडून नाशिकच्या रस्त्याला लागावे लागते: नारायणगावच्या पूर्वेला खोडद, आणि राजगुरुनगरवरून आत वळले की पाबळ. तिघांचा आकार, पैसा, माणसे काहीच सारखे नाही. प्रश्न मात्र तोच होता.

खोडदची गोष्ट खोडदला सुरू होत नाही. ती दान मिळालेल्या यंत्रांपासून सुरू होते, म्हणून ती मला जवळची वाटते. गोविंद स्वरूप हे तरुण संशोधक १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात सिडनीला रेडिओ खगोलशास्त्र शिकत होते. तिथल्या पॉट्स हिल केंद्रावरच्या ३२ लहान तबकड्या, प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या, निकामी ठरवून काढून टाकल्या जाणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारताला मागितल्या आणि ऑस्ट्रेलियाने दिल्या. तबकड्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आल्या, आणि तिथे वर्षानुवर्षे पडून राहिल्या. कारण तोवर ज्यांना त्यांचे काय करायचे ते ठाऊक होते ती माणसे पांगली होती. स्वरूप स्वतः अमेरिकेत गेले होते. वस्तू आली आणि माणूस गेला. आमच्या स्टोअररूममध्ये याची छोटी आवृत्ती कधीही बघायला मिळेल.

पुढे १९६१ मध्ये परदेशातल्या चार भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी, त्यांत स्वरूप एक, मायदेशी येऊन काम करण्याची तयारी कळवणारे पत्र लिहिले. होमी भाभांनी १९६२ च्या सुरुवातीला तारेने होकार दिला आणि १९६३ मध्ये स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. त्या पडून असलेल्या तबकड्या त्यांनी मिळवल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या करून सूर्याचे वेध घ्यायला सुरुवात केली. भारतातली मोठी रेडिओ दुर्बीण पुढे उटीला झाली, १९७० मध्ये. पण तिची माणसे कल्याणला तयार झाली: भंगारात निघालेल्या तबकड्या जोडताना, तारा ओढताना, नोंदी ठेवताना. नेतृत्व म्हणजे काय हे सांगताना भाभांची तार सगळे सांगतात. मला कल्याणचे शेड महत्त्वाचे वाटते.

स्वरूप यांच्या कामाची एक खूण अशी, की त्यांची कल्पना आणि तिचा खर्च हे एकाच कागदावर असत. उटीला त्यांनी अशी टेकडी शोधली की जिचा उतार त्या जागेच्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंश होता. उतारावर दुर्बीण उत्तर-दक्षिण आडवी टाकली की तिचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर येतो, आणि मग ५३० मीटर लांबीची रचना एकाच अक्षाभोवती फिरवून तारा टिपत राहता येते. टेकडीने निम्मे यंत्रकाम केले. खोडदला प्रश्न वेगळा होता. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या हव्या होत्या, आणि एवढ्या आकाराचा भरीव पत्रा वाऱ्यापुढे टिकवायचा तर खालचे पोलादच परवडले नसते. पण ही दुर्बीण मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींसाठी होती, आणि एवढ्या लांब लहरींना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोके दिसतही नाहीत. म्हणून पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी घेतली आणि ती ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर बसवली. वारा जाळीतून निघून जातो, वजन घटते, खर्च आटोक्यात येतो. प्रकल्पाला १९८७ मध्ये मंजुरी मिळाली. हा निर्णय दूरदृष्टीचा की काटकसरीचा? तो दोन्ही होता, आणि तो वेगळा काढता येत नाही.

मात्र तबकड्या उभ्या राहिल्या म्हणजे वेधशाळा झाली असे नव्हे. १४ तबकड्या मधोमध एकत्र आणि उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे पंचवीस किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. प्रत्येकीचा संदेश ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत आणायचा आणि सेकंदाच्या सूक्ष्म भागापर्यंत जुळवायचा. वाटेत शेते, ओढे, रस्ते, विजेचे खांब. स्वरूप १९९४ मध्ये निवृत्त झाले. केंद्राची सूत्रे विजय कपाही यांच्याकडे आली, आणि १९९९ मध्ये ते अकाली गेले. वेधशाळेचे काम एस. अनंतकृष्णन पाहत होते. तबकड्या नव्वदीच्या दशकाच्या मध्यास उभ्या होत्या. ऑक्टोबर २००१ मध्ये दुर्बीण समारंभाने देशाला अर्पण झाली आणि २००२ पासून जगभरच्या संशोधकांना तिच्यावर वेळ मिळू लागला. मधली पाच-सहा वर्षे कोणत्याही भाषणात येत नाहीत. ती सर्वो मोटारींची, गोंगाट करणाऱ्या रिसीव्हरची, न जुळणाऱ्या केबलींची वर्षे आहेत. खोडदची दुर्बीण त्या वर्षांत ‘प्रकल्पा’ची ‘वेधशाळा’ झाली.

आणि वेधशाळा झाल्यावर तिथे ती तुटलेली दोरी एका वेगळ्या रीतीने जोडली गेली. वापरणारा पैसे देत नाही, पण तो अर्ज करतो. वर्षातून दोनदा अर्ज मागवले जातात, समिती ते तपासून तास वाटून देते, आणि मग कुठल्या तरी देशातला एक संशोधक ठरल्या रात्री आपला तारा बघायला बसलेला असतो. त्या रात्री पाच तबकड्या बंद असल्या तर ते कोणापासून लपत नाही. बिल नसेना, पण हिशेब मागणारा माणूस रोज दारात आहे. २०१० नंतरच्या दशकात यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी तीच दुर्बीण नव्याने सजवली: जुन्या ठरावीक पट्ट्यांऐवजी जवळजवळ सलग वारंवारता, एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झऐवजी ४०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा. तबकड्या त्याच राहिल्या. आणि हे करताना जुनी यंत्रणा चालू ठेवली, वेळ वाटण्याचे काम थांबवले नाही. ज्याने कधी चालू कार्यालयाचा सर्व्हर बदलला असेल त्याला या वाक्याचा अर्थ कळेल.

गणेशखिंडीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. अमेरिकेकडून हवा तसा क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही स्वायत्त संस्था पुण्यात स्थापन झाली आणि विजय भटकर तिचे पहिले प्रमुख झाले. तीन वर्षांची मुदत, ठरलेला पैसा, एकच ध्येय. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. अनेक छोटे ट्रान्सप्यूटर एकत्र जोडून त्यांच्याकडून समांतर काम करून घेण्याची ती रचना होती. मोहिमेसारखे काम कसे करावे याचा हा धडाच. पण मोहीम फत्ते झाल्यावर फौजेचे काय करायचे हा प्रश्न पेशव्यांनाही पडत असे. सी-डॅकने जी उत्तरे शोधली त्यांतले सर्वांत टिकाऊ उत्तर कमी चमकदार होते: १९९३ मध्ये सुरू झालेली प्रशिक्षण शाळा. मुले फी भरत, सहा महिने राबत आणि नोकरीला लागत. आमच्या भागात ‘त्याने सी-डॅक केलंय’ असे वाक्य ऐकू येते; संस्थेचे नाव हा अभ्यासक्रमाचा शब्द झाला. फी भरणारा विद्यार्थी हेही एक गिऱ्हाईकच.

दुसरा धागा भाषेचा. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम मोहन तांबे यांच्याबरोबर सी-डॅकमध्ये आले आणि ‘जिस्ट’ या नावाने देवनागरी संगणकाच्या पडद्यावर उमटली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरले. त्या काळात हे धाडसच होते. पण मराठीतले रोजचे टंकन त्या प्रमाणात झालेच नाही. ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या फॉन्टांत झाले आणि प्रत्येक फॉन्टाची सांकेतिक मांडणी निराळी. मग युनिकोड आला. आमच्या संस्थेचे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे अहवाल, आरोग्य शिबिरांच्या नोंदी, पाणलोटाच्या कामाची मोजमापे, सगळे आहे. पण नव्या मशीनवर फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा चुरा दिसतो. कुठल्या वर्षी कोणता फॉन्ट वापरला याची वही कोणी ठेवली असती तर हे काम आठवड्याचे होते. आम्ही ते दीड वर्ष करतो आहोत, सुटीच्या दिवशी येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने. मागच्या पावसाळ्यात एका वाडीच्या विहिरींच्या पातळीच्या नोंदी अशा सुटल्या. त्या वाडीला टँकरसाठी अर्ज करायचा होता आणि पूर्वीची पातळी दाखवायला दुसरे काहीच नव्हते. फॉन्टाची वही ठेवणे कुठल्याच तक्त्यात नेतृत्वात मोडत नाही.

आता पाबळ. गाव शिरूर तालुक्यातले, कमी पावसाचे. इतिहासवाल्यांना ते मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असते. १९८३ मध्ये तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी., म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत काम, मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठे पद. मुदतीपूर्वी निवृत्ती घेऊन ते पत्नी मीरा यांच्यासह पाबळला राहायला गेले. पुण्यातल्या जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र, अशी आश्रमाची रीतसर ओळख.

कलबागांना ग्रामीण तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा काढायची होती असे पुष्कळदा म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्यांचा मुद्दा शिक्षणाचा होता: हाताने काम करत मूल जे शिकते ते टिकते, आणि शाळेने हेच केले तर गावाचा विकास वेगळा करावा लागत नाही. शाळा सोडलेल्या मुलामुलींसाठी त्यांनी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आखला, पुढे त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह आणि आरोग्य. प्रत्येक मुलाने चारही फिरून शिकायचे. वेल्डिंग करणाऱ्याने कोंबड्याही सांभाळायच्या आणि रक्तगट तपासायलाही शिकायचे.

माझ्या विषयाशी संबंध आहे तो यानंतर. मुले शिकताना जे करत ते गावासाठी करत, आणि गावाकडून त्याचे पैसे घेत. फाटक, खाट, वीजजोडणी, शेतात पाणी कुठे लागेल यासाठी जमिनीच्या विद्युत-रोधाची मोजणी. काम हाती घेण्यापूर्वी त्याचे रेखाचित्र काढायचे आणि खर्च मांडायचा: साहित्य किती, मजुरी किती, वीज किती, यंत्राची झीज किती. हे हिशेबाचे काम कार्यालयातल्या कारकुनाचे नव्हते. अभ्यासक्रमाचा भाग होते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, जो गणितात नापास होऊन शाळेबाहेर पडला होता, तो लोखंडी पट्टीचे वजन काढून दर मांडत असे. आणि फाटक वाकडे झाले तर घेणारा शेतकरी ते परत आणून टाकील हे त्याला माहीत असे.

इथे ती दोरी पुन्हा बांधलेली दिसते, आणि फार हुशारीने. देणगीदार इमारत देऊ शकतो, लेथ देऊ शकतो. पण फाटक चांगले झाले की नाही हे तो सांगू शकत नाही. ते सांगणारा पाबळचा शेतकरी होता, आणि त्याचे सांगणे खिशातून पैसे काढूनच होते. दान आणि दक्षिणा यांत फरक असतो तो हाच. सगळा खर्च यातून निघत नव्हता, निघायलाही नको होता, कारण मुख्य काम शिकवण्याचे होते. तरी उपयोगाची खबर रोज मिळत राहिली. १९८० च्या दशकातच हा विचार ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने आठवी ते दहावीच्या शाळांत नेला गेला आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने तो पूर्वव्यावसायिक विषय म्हणून स्वीकारला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम; शिकवायला गावातलेच कारागीर आणि तंत्र येणारे तरुण. बदलीवर जाणाऱ्या शिक्षकापेक्षा गावात राहणारा वेल्डर हा यंत्र चालू ठेवण्यासाठी जास्त भरवशाचा, हा हिशेब त्यामागे होता. माझ्या मते कलबागांचा हा सर्वांत मोठा निर्णय. पुरस्कारांच्या प्रशस्तीत तो सहसा सापडत नाही.

अशा संस्थेत नवे काही येत नाही असे समजू नये. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आश्रमाने त्रिकोणी सांगाड्याची घुमटाकार घरे बांधली. ‘पाबळ डोम’ या नावाने ती ओळखली जातात. जीपचे जुने भाग वापरून छोट्या शेतकऱ्यासाठी ट्रॅक्टरसारखे वाहन तयार झाले. आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीमधले नील गर्शेनफेल्ड यांची ‘फॅब लॅब’ पाबळला आली. संगणकावर आखलेली वस्तू लेझरने कापून किंवा कोरून तिथेच बनवण्याची ही कार्यशाळा. आज जगभर अशा हजारो आहेत. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी ही.

परदेशी विद्यापीठाचे चकचकीत यंत्र खेड्यात येते तेव्हा काय होते हे आपण जाणतो. कल्याणच्या तबकड्या दिल्लीत पडून राहिल्या होत्या तसे पाबळला झाले नाही, याचे कारण यंत्र यायच्या आधी एकोणीस वर्षे तिथे प्रश्नांची यादी तयार होत होती. दुधाची प्रत कशी तपासायची, डिझेल इंजिन नीट लावलेले आहे की नाही हे कसे मोजायचे. असे प्रश्न घेऊन येणारी माणसे आधीपासून दारात उभी होती, आणि यंत्र उघडून दुरुस्त करायला न घाबरणारी मुले आत होती.

आमच्या विभागात मी या गोष्टीची एक लहानशी नक्कल केली आहे. संस्थेच्या प्रत्येक प्रकल्पाला आम्ही आता कागदावर बिल देतो. आरोग्य प्रकल्पासाठी किती तास, कोणती दुरुस्ती, बॅटरीची किती झीज. पैसे या खिशातून त्या खिशात जात नाहीत, नुसती नोंद. तरी दोन गोष्टी लगेच झाल्या. एका प्रकल्पाने स्वतःहून पाच टॅब परत केले, कारण ते कोणी वापरत नव्हते आणि बिलात दिसत होते. आणि एका देणगीदाराने तो कागद बघून पहिल्यांदाच विचारले, की तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे आत्ताच धरले तर चालेल का. हे नेतृत्व की व्यवस्थापन असे एका विश्वस्तांनी विचारले. मी त्यांना कागदच दिला.

पाबळवर एक शंका नेहमी घेतली जात असे: हे सारे एका माणसाचे आहे, तो गेला की संपेल. शंका रास्त होती. स्वतःच्या तेजाने चालणाऱ्या किती तरी संस्था महाराष्ट्राने पाहिल्या आहेत, ज्यांच्या दारावर आज संस्थापकाचा अर्धपुतळा आणि आत कुलूप आहे. कलबाग ३० जुलै २००३ रोजी गेले. फॅब लॅबला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्यानंतर योगेश कुलकर्णी यांनी सूत्रे घेतली. शाळांतला अभ्यासक्रम पुढे बहुकौशल्याच्या नावाने इतर राज्यांतही गेला. निवासी अभ्यासक्रम चालू राहिला. चार विभाग तेच, फिरती तीच, आणि काम हाती घेण्यापूर्वी कागदावर आधी रेखाचित्र, मग साहित्य, मजुरी, वीज, झीज.